हौशी माणसाने लोकल रोड रेसमध्ये उतरावं का? तुमचा अनुभव काय?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी लिहिलंय की वय चाळिशीला टेकलंय, रोज पहाटे गावाबाहेर रोडवर पाचेक किलोमीटर पळतात, आता जिल्ह्याच्या गावी 10 किमीची रेस आहे तर नाव द्यावं का, की पोरासोरांत जाऊन आपलं हसं होईल, आणि शेवटचा नंबर आला तर काय.

शेवटच्या नंबरचं आधी निकालात काढतो. तुम्ही शेवटचे येणार नाही. रोज पाच किमी पळणारा माणूस आपल्याकडच्या रेसमध्ये कधीच शेवटी नसतो, कारण शेवटी जे असतात ते टी-शर्ट आणि मेडलसाठी आलेले, ऑफिसने बळंच नाव दिलेले, चौथ्या किलोमीटरला मोबाइलवर रील बनवत चालणारे. आणि हसायला तिथे कोणाला फुरसत नाही, जो तो आपापल्या धापेत. हसतात ते गावाकडे. मी राहतो जळगावला, मूळ गाव अमळनेरकडचं, दिवाळीत गावी गेलो की शेतरस्त्याने पळतो आणि एखादे बाबा हमखास थांबवून विचारतात, "काय रे भो, कोन मांगे लागनं?" त्याची सवय झाली की रेसमधल्या गर्दीचं काही वाटत नाही.

माझं सांगायचं तर मी काही भारी रनर नाही. बसून नोकरी, सकाळी मेहरूण तलावाला चकरा, रविवारी जरा लांब. 10 किमीला तासाच्या आतबाहेर लागतो, हाफ मॅरेथॉनला, म्हणजे 21 किमीला, सव्वादोन तासांच्या आसपास. पोडियमशी संबंध फक्त मागे उभं राहून फोटो काढण्यापुरता. पण जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यातल्या रेस बऱ्याच वर्षांपासून पळतोय त्यामुळे जे दिसलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, एका रेसमध्ये दोन रेस असतात. मागची आपल्यासारख्या हौशींची, आणि पुढची रेस असते भरतीच्या पोरांची. पोलीस भरती, आर्मी भरतीची तयारी करणारी पोरं, कोणी अकॅडमीची, कोणी सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुवा साइडने रात्रीच्या गाडीने येऊन स्टँडवर झोपलेली. त्यांचा सगळा सराव 1600 मीटरचा, आर्मीला पूर्ण मार्कांसाठी साडेपाच मिनिटांच्या आत मारायचे असतात म्हणजे किलोमीटरला साधारण 3:25 चा वेग. काही पोरं अजूनही अनवाणी पळतात, हौस म्हणून नाही, बुटाची सवयच नाही. यातली चांगली पोरं 10 किमी 32-33 मिनिटांत संपवतात. आपण पाचव्या-सहाव्या किलोमीटरला असतो तेव्हा ती पोहोचून केळी खात बसलेली असतात. त्यांच्यासाठी ते पाच-दहा हजाराचं बक्षीस म्हणजे महिन्याचा मेसचा खर्च असतो, त्यामुळे स्टार्टला पहिल्या रांगेत मेडिकल असोसिएशनचे टी-शर्ट घालून सेल्फी काढत उभे राहणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. बाबांनो मागे व्हा, त्यांना जाऊ द्या. तुम्हीपण मागेच उभे राहा. तुमचा टाइम चिपवर मोजला जातो, बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या, मागे चिकटवलेली ती पातळ पट्टी स्टार्टच्या मॅटवरून गेली की तुमचं घड्याळ चालू होतं. बक्षिसाचा नंबर मात्र झेंडा पडल्यापासून धरतात, चिपवर नाही, आंतरराष्ट्रीय नियमही तोच आहे. म्हणजे पुढे उभं राहायची गरज फक्त ज्यांना नंबर काढायचाय त्यांना.

आता टायमिंगचं. नवीन माणूस पहिल्या रेसपासून टायमिंगच्या मागे लागतो, ग्रुपवर घड्याळाचे स्क्रीनशॉट टाकतो, आणि मी म्हणतो की लोकल रेसमध्ये टायमिंगवर फार जीव लावू नका. कारण रस्ता. नीट मोजलेला कोर्स कसा असतो तर सायकलच्या पुढच्या चाकाला एक काउंटर लावतात, ती सायकल आधी मोजलेल्या सरळ पट्ट्यावर तपासून घेतात, मग वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटर आत ठेवून सगळ्यात जवळच्या मार्गाने चालवतात, आणि वर हजारी एक मीटर जास्तीचा धरतात म्हणजे अंतर कमी पडायला नको. त्या हिशोबाने 10 किमीचा कोर्स प्रत्यक्षात 10 किमी 10 मीटर भरतो. आपण काही त्या जवळच्या रेषेने पळत नाही, खड्डा चुकवतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, त्यात घड्याळाच्या जीपीएसची चूक, म्हणून मोजलेल्या कोर्सवरही घड्याळात 10.1 नाहीतर 10.15 दिसतं. तेवढ्यावरून आयोजकांच्या नावाने बोंबलू नका (आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी एक जण बोंबलतो, दर वेळी वेगळा). पण छोट्या गावच्या रेसमध्ये अंतर मोजलेलं असतं मोटरसायकलच्या मीटरवर किंवा मोबाइलच्या नकाशावर. एके ठिकाणी 10 किमी सांगून साडेनऊसुद्धा भरले नाहीत, अख्ख्या गावाचा पर्सनल बेस्ट (आजवरचा सगळ्यात कमी टाइम) झाला त्या दिवशी, पेढे वाटायचे बाकी होते. दुसऱ्या ठिकाणी यू-टर्नचा व्हॉलंटियर चहाला गेला आणि पुढचा घोळका सरळ पुढच्या चौकापर्यंत जाऊन आला. अशा दोन रेसचे टाइम तुम्ही कशाला कशाशी जोडणार.

म्हणून मी माणसं बघतो. आपल्याकडच्या रेसला फिरून फिरून तीच मंडळी येते, दोन-चार रेस झाल्या की चेहरे पाठ होतात. पाचोऱ्याचे एक किराणावाले आहेत, कायम हिरवी टोपी. एक धुळ्याच्या मॅडम, शाळेवर शिक्षिका, वळणावर सगळ्यांना कापतात. हे लोक म्हणजे माझा मीटर, ते पुढे की मागे, किती मागे, कुठल्या किलोमीटरला सुटले, त्यावरून मला कळतं की यंदा आपण कुठे आहोत. रस्ता लहान असो मोठा असो, तो त्यांनाही तेवढाच असतो ना.

आणि भुसावळचे अप्पा. रेल्वेतून रिटायर, साठी कधीच ओलांडली, अंगाने काटकुळे, गळ्यात पंचा, आणि घड्याळ कधी बघितलं नाही मी त्यांच्या हातात. अप्पांची पद्धत ठरलेली आहे. झेंडा पडला की सगळं पब्लिक डीजेच्या नादात असं सुटतं की विचारू नका, पहिल्या किलोमीटरला शाळेची पोरंसुद्धा अप्पांना मागे टाकतात, आणि अप्पा आपले रस्त्याच्या डाव्या कडेने कोणाशीतरी गप्पा मारत चाललेत. भाव काय चाललाय कापसाचा, पोरीचं जमलं का, असलं. मी एकदा विचारलं, अप्पा एवढं कसं बोलता पळताना, तर म्हणाले पहिले दोन किलोमीटर बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर समजायचं आपण दुसऱ्याची रेस पळून राहिलो. मग पाचव्यानंतर त्यांचं बोलणं बंद होतं. वेग वाढत नाही, आधी होता तोच राहतो, बाकीच्यांचाच खाली येतो. सातव्या-आठव्या किलोमीटरला मागून पावलांचा आवाज येतो, बारीक, एकसारखा, आणि मला न बघता कळतं की अप्पा आले. शेजारून जाताना एकच शब्द, "चला." बस. तिथून मी त्यांच्या पंचाकडे बघत पळतो, चारपाच पावलं मागे, दम तुटायला येतो, आणि शेवटच्या वळणाला ते सुटतात ते सुटतातच. मागच्या थंडीत एका रेसला मी पहिल्यांदा त्यांच्या पुढे आलो. लय खूश. फिनिशला थांबलो, ते आल्यावर पाया पडलो, तर म्हणे पुतण्याच्या हळदीला होतो रे, रात्री दोनला आलो घरी.

वेगाचं जे गणित कोच लोक तक्ते लावून सांगतात ते हेच आहे. सुरुवातीला ताकदीबाहेर पळालं की पायात आम्ल साचतं, श्वास चढतो, आणि ते उरलेल्या अंतरात वसूल होतं. तुम्ही रोज पाच पळता ना, मग 10 च्या रेसमध्ये पहिले तीन तुमच्या रोजच्यापेक्षा हळू पळा. मुद्दाम हळू. लोक पुढे जातील, जाऊ द्या, सातव्यानंतर भेटतात ते चालताना.

खान्देशात रेसचा सीझन म्हणजे डिसेंबर-जानेवारी, फार तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. तेव्हा पहाटे कुडकुडायला होतं, सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेसहाची रेस वेळेवर सुटली तर सूर्य उगवायच्या आधीच सुटते. हे बेस्ट. पण पत्रिकेवर साडेसहा असलं तरी प्रमुख पाहुणे यायचे असतात, मग झुंबा, मग दीपप्रज्वलन, मग दोन शब्द, आणि झेंडा पडेपर्यंत सव्वासात-साडेसात. थंडीत हे चालून जातं. मार्चात चालत नाही. आपल्याकडे मार्चात आठ वाजताचं ऊन अंगाला लागतं, आणि शरीराला पळता पळता घाम काढून थंडही राहायचं असतं, मग रक्त पायाकडेही हवं आणि कातडीकडेही, त्यामुळे त्याच वेगाला छातीचे ठोके दहा-पंधराने जास्त पडतात. वेग तोच ठेवायचा हट्ट केला की माणूस चक्कर येऊन पडतो. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर कोणी रेस ठेवली आणि सुरुवात साडेसहानंतर असेल तर मी नाव देत नाही, बक्षीस काही का असेना. मेमध्ये जिथे पारा 45 च्या वर जातो तिथे आपण पहाटे पाचला पळून सहाला घरी, एवढंच बरं.

पाणी घोट घोट प्या, दर टेबलावर प्या असं नाही, 10 किमीला थंडीत दोनदा पुरे. हाफला मीठ-लिंबू-साखरेचं पाणी लागतं, नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्याचाही त्रास होतो. केळ्यांची आपल्याकडे कमी नाही, रावेर-सावद्याचा माल, अर्धी अर्धी कापून टेबलावर ठेवतात, सालासकट. ती सालं लोक तिथेच रस्त्यावर टाकतात. त्या टेबलानंतरचे पन्नास पावलं खाली बघून पळा, मी दोन जणांना आडवं झालेलं बघितलंय.

आदल्या रात्री वरण-भात, खिचडी, जे रोज पचतं ते. शेवभाजी नको. आमच्या ग्रुपमधला एक जण धुळ्याला आदल्या रात्री मुक्कामाला गेला, ढाब्यावर शेवभाजी, वर तर्री मागून घेतली, सकाळी तो स्टार्टला नव्हताच, मैदानावरच्या शौचालयाच्या रांगेत होता, आणि ती रांग रेसच्या रांगेपेक्षा मोठी. जे खायचं ते नंतर. डिसेंबरातली रेस असली की आम्ही सरळ कोणाच्या तरी शेतात जातो, काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, सोबत मिरचीचा ठेचा. अप्पा तिथे आमच्या दुप्पट खातात, तिथेही पुढेच.

अजून एक, पोस्टरवर मॅरेथॉन लिहिलं म्हणून भुलू नका, अंतर वाचा. 42.195 किमीची खरी मॅरेथॉन आपल्याकडे क्वचितच, बहुतेक 3, 5, 10 आणि फार तर 21. तुम्हाला 10 झेपेल. रेसच्या आधीच्या दोन-तीन रविवारी सात-आठ किमी हळूहळू करून बघा, तेवढं झालं की शेवटचे दोन गर्दी ओढून नेते. आदल्या आठवड्यात उगाच जास्तीचं पळू नका, त्याने काही वाढत नाही, पाय फक्त जड होतात. बूट जे रोज घालता तेच, किटमध्ये मिळालेला टी-शर्टसुद्धा नवा कोरा घालून पळू नका, ते पॉलिस्टर घामाने काखेत घासतं, आधी एकदा धुऊन, घालून बघा. बनियनच्या जागी जुना सुताचा टी-शर्ट घालणारे असाल तर छातीवर थोडं व्हॅसलिन.

वयोगटाचं विचारून घ्या फॉर्म भरतानाच. काही ठिकाणी 35 च्या वर एकच गट असतो आणि मग पस्तीसचा माजी खेळाडू आणि साठचे अप्पा एकाच यादीत, काही ठिकाणी दहा-दहा वर्षांचे गट करतात. आधार कार्ड सोबत ठेवा, बिब घेताना मागतात. बिबसोबत पिना चार असायला पाहिजेत पण कधी कधी दोनच हातात पडतात, मग ते बिब वाऱ्याने तोंडावर येतं सगळा वेळ. पिना घरूनच घेऊन जा.