पेट्री डिशमधील निष्कर्ष आणि पहिल्या पानावरचा मथळा

प्रश्न : मी मुंबईतील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि आमच्या विद्यार्थी वृत्तपत्रात विज्ञानाचे सदर लिहिते. गेल्या अंकात मी आमच्याच विभागातील एका प्राध्यापिकांच्या प्रयोगावर लिहिले. पेट्री डिशमध्ये वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर हळदीतील कर्क्युमिन घातले असता त्यातील बऱ्याच पेशी मरतात, असे त्यांना दिसले होते. मी मजकुरात तेवढेच लिहिले होते. परंतु छपाईच्या आदल्या रात्री संपादक विद्यार्थ्याने ‘हळदीने कर्करोग बरा होणार’ असा मथळा दिला. मॅडम नाराज झाल्या आणि यापुढे लेख दाखवून, त्यांची संमती घेऊनच छापावा, असे त्यांनी सांगितले. मला मात्र अधिक लागले ते वेगळेच. आमच्या कँटीनमधील काकांनी मला थांबवून विचारले की, त्यांच्या बहिणीवर परळला उपचार चालू आहेत, तर गोळ्या बंद करून हळद सुरू करावी का? मी काय करायला हवे होते, आणि लेख आधी दाखवावा का?
— एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : सर्वप्रथम त्या काकांना भेटा. दुरुस्तीचा अंक निघेपर्यंत थांबू नका. मथळा चुकला होता, प्रयोग माणसांवर झालेला नाही आणि बहिणीची एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, हे त्यांना समोर बसून सांगा. त्यानंतर पुढच्या अंकात दुरुस्ती द्या. मूळ लेख पहिल्या पानावर आला असेल, तर दुरुस्तीही पहिल्याच पानावर यायला हवी. शेवटच्या पानावरील बारीक टाइपातील दोन ओळी काकांसारख्या वाचकापर्यंत पोहोचत नाहीत. संपादक मित्राला दोष देण्यात फार वेळ घालवू नका, कारण मथळा तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय अंक छपाईला जाणार नाही, हा नियम तुम्हा दोघांना आजपासूनही करता येईल.

मजकुरात ‘तेवढेच’ लिहिले होते, असे तुम्ही म्हणता. माझे मत विचाराल, तर उणीव तिथेच राहिली. पेट्री डिशमध्ये पेशी मेल्या, हे वाक्य खरे आहे; पण त्याचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही, हे तुम्हाला तुमच्या अभ्यासामुळे ठाऊक आहे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला किंवा कँटीनमधील काकांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. काचेच्या बशीतील पेशींवर स्पिरिट ओतले तरी त्या मरतात. म्हणून अशा प्रयोगाविषयी लिहिताना वाचकाच्या वतीने विचारायचे प्रश्न वेगळे असतात. त्याच मात्रेत निरोगी पेशींचे काय झाले? कर्क्युमिन न घातलेल्या पेशी शेजारी ठेवून तुलना केली होती का? प्रयोग किती वेळा करून पाहिला? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डिशमध्ये वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात पोहोचू शकते का? या शेवटच्या प्रश्नाने तुमचा लेख कितीतरी समृद्ध झाला असता. हळदीच्या पुडीत वजनाने सुमारे ३ टक्केच कर्क्युमिन असते, ते आतड्यातून फार कमी शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृतात झपाट्याने दुसऱ्या रूपांत रूपांतर होते. त्यामुळे कपभर हळद-दूध पिणे आणि पेशींवर थेट कर्क्युमिन घालणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. ते अंतर सांगितल्याने मॅडमच्या कामाचे मोल कमी होत नाही. उलट, पुढील संशोधनाला कोणते कोडे सोडवायचे आहे, हे वाचकाला कळते.

प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंतच्या या वाटेचे एक जुने उदाहरण आपल्याच शहरात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा प्रयोगशाळेत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी एकाच तुरुंगात, एकाच साथीत होते, म्हणून त्यांची तुलना करता आली. लस उपयोगी आहे असे म्हणायला आधार मिळाला, तो या तुलनेमुळे. तुमच्या लेखात अशी तुलना माणसांच्या पातळीवर झालेलीच नव्हती, आणि हे वाक्य मजकुराच्या तळाशी न ठेवता पहिल्या परिच्छेदात यायला हवे होते, कारण घाईत वाचणारा मथळा आणि पहिला परिच्छेद वाचून पान उलटतो. मथळाही याच मापाचा करता आला असता : ‘हळदीतील घटकाने डिशमधील कर्करोगपेशी मेल्या, रुग्णांवर चाचणी अद्याप नाही’. तो थोडा लांब आहे, हे मान्य. पण त्याने कोणाच्या गोळ्या बंद होणार नाहीत.

आकड्यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. २६ जुलै २००५ च्या पावसाविषयी ‘मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला’ असे आजही सर्रास लिहिले जाते. तो आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेतील २४ तासांचा आहे. त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस पडला. दोन्ही आकडे खरे आहेत. परंतु एकच दिला, तर एवढ्याशा शहरात पाऊस इतका वेगवेगळा का पडला, हा खरा वैज्ञानिक प्रश्न वाचकापुढे येतच नाही. आकडा कुठे, केव्हा आणि कशाच्या तुलनेत मोजला, हे शब्द त्याच्यापासून कधीही तोडू नका.

आता लेख दाखवण्याविषयी. संपूर्ण लेख संमतीसाठी देऊ नये, असे मला ठामपणे वाटते, कारण वृत्तपत्र वाचकांसाठी असते आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच हाती अखेरचा शब्द दिला, तर उद्या कोणाच्या कामातील उणिवा तुम्हाला लिहिता येणार नाहीत. मात्र तथ्ये तपासून घेणे हे तुमचे कर्तव्यच आहे. प्रयोगाचे वर्णन करणारी वाक्ये, आकडे आणि मॅडमच्या तोंडी घातलेली विधाने त्यांना फोनवर वाचून दाखवा आणि ‘हे आवडले का?’ असे न विचारता ‘यात काही चूक आहे का?’ असे विचारा. मथळाही त्याच वेळी वाचून दाखवा. आपण असे करू, हे मुलाखतीच्या आधीच सांगितले, तर रुसवेफुगवे उरत नाहीत. त्या तुमच्याच विभागात शिकवतात आणि कदाचित तुमचे पेपरही तपासतात, ही अडचण मी हलकी मानत नाही. म्हणूनच अशा वेळी दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याने लेख लिहिणे अधिक चांगले.

शिवाय त्या प्रयोगाशी संबंध नसलेल्या एका तज्ज्ञाचे मत घ्यायला विसरू नका. मुंबईत राहणाऱ्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही : मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. विद्यार्थी वृत्तपत्राला कोण उत्तर देणार, असा संकोच करू नका. तीन प्रश्न नीट लिहून पाठवले, तर पुष्कळ शास्त्रज्ञ वेळ काढतात.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुले दर महिन्याला विज्ञानाचे भित्तिपत्रक काढतात. पारिभाषिक शब्द मराठीत लिहावेत की इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवावेत, यावर दरवेळी वाद होतो.
— एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये मुंबईत ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू करून शास्त्रीय विषय मराठीत आणले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याबरोबर आहे आणि त्याला सरसकट उत्तर नाही. ‘पेशी’, ‘वेधशाळा’, ‘लस’ हे शब्द रुळलेले आहेत, ते बेलाशक वापरावेत. ‘प्रोटीन’ आणि ‘अँटिबायोटिक’ घरोघरी कळतात, तेही तसेच राहू द्यावेत. एका ठिकाणी मात्र मुलांना सवलत देऊ नका : ‘जिवाणू’ आणि ‘विषाणू’ यांची अदलाबदल. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही, त्यामुळे येथे एका शब्दाची चूक औषधाची चूक ठरते. अवघड संकल्पनेसाठी नवा जोडशब्द घडवण्यापेक्षा साधे क्रियापद शोधायला सांगा. ‘अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू’ हे सातवीतील मुलालाही एकदाच वाचून समजते. भित्तिपत्रक लावण्यापूर्वी दुसऱ्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याकडून ते मोठ्याने वाचून घ्या आणि तो जिथे अडखळेल, तिथला शब्द किंवा वाक्य बदला.