सांडलेलं तेल : कापूस, काथ्या की राख?

प्रश्न : आठवीतल्या मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी कापूस, रद्दी, काथ्या, तूस यांवर चमचा-चमचा तेल ओतलं. सगळ्यांनीच ते शोषलं! आता नंबर कसा लावायचा? (मालवण)

उत्तर : चमचाभर तेल पायपुसणंही पितं. उलट करायला सांगा. प्रत्येक वस्तू ५ ग्रॅम घ्या, तेलात ५ मिनिटं बुडवा, मग चहाच्या गाळणीत आणखी ५ मिनिटं निथळत ठेवा आणि वजन करा. निथळणं चुकवू नका, कारण काथ्या तिथेच उघडा पडतो. भिजतो झकास, पण धागे जाड आणि मोकळे, त्यामुळे तेल खाली टपकत राहतं. तूस तर त्याहून आळशी.

यादीत सावरीचा कापूस घाला. वैशाखात बोंडं फुटून अंगणभर उडतो, जुन्या उशीतही सापडेल. ५ ग्रॅमचा चांगला मोठा गोळा होतो. त्याचे धागे आतून पोकळ आणि वरून मेणचट असतात. परातीत पाणी घ्या, वर थोडं तेल सोडा आणि एका बाजूला मेडिकलचा कापूस, दुसऱ्या बाजूला सावरीचा टाका. मेडिकलच्या कापसाचं मेण कारखान्यात काढलेलं असतं, म्हणून तो पाणीही पितो आणि जड होऊन बसतो. सावरीचा वर तरंगत तेवढं तेल ओढून घेतो. परीक्षकांना हेच दाखवा, तक्ता मागाहून.

प्रश्न : गणपतीत वडे तळताना कढई कलंडली. जांभ्याच्या पायरीवर काळा डाग पडलाय. (गुहागर)

उत्तर : पाणी ओतलं नाहीत ना? तेल पाण्यावर तरंगतं आणि डाग पसरतो. पुढच्या वेळी तेल निवू द्या, मग चुलीतली गार, चाळलेली राख जाड पसरा. घासू नका, जांभा सच्छिद्र आहे, तेल आत रेटलं जाईल. आता मुरलेल्या डागावर मुलतानी मातीचा घट्ट लगदा थापा, वर प्लॅस्टिक झाका आणि दुसऱ्या दिवशी ते काढून वाळू द्या. लगदा वाळताना तेल वर ओढतो. दोन-तीनदा करावं लागेल. पूर्ण जाईलच असं नाही.

प्रश्न : सासूबाई सांडलेल्या तेलावर मीठ टाकतात. मीठ तेल शोषतं? (वेंगुर्ला)

उत्तर : नाही. खडे तेल पीत नाहीत, जमीन खरखरीत झाल्याने पाय घसरत नाही इतकंच. सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : तेल पुसलेली फडकी आपोआप पेटतात म्हणे? (देवगड)

उत्तर : खोबरेल असेल तर घाबरू नका. जवसाचं तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना तापतं. फडक्यांचा बोळा कोंबून ठेवला तर ती उष्णता कोंडते आणि आग लागू शकते. सोयाबीन, सूर्यफुलाचाही थोडा तोच स्वभाव. फडकी एकेक सुटी वाळत घाला. तेल पुसलेली नारळाची सोडणं असतील तर न्हाणीच्या चुलीत एकेक सारा, पाणी लवकर तापतं.