चित्र सुंदर, चित्रकर्ती निष्ठुर

आपले पत्र मिळाले. जिच्या चित्रांनी आपल्याला रंगांकडे नीट पाहायला शिकवले, ती मैत्रीण हाताखालच्या सहकाऱ्याचा चारचौघांत पाणउतारा करते, हे प्रत्यक्ष पाहिल्यापासून घरातले तिचे चित्र उतरवावेसे वाटते. तरीही ते पूर्वीइतकेच सुंदर दिसते, म्हणून आपल्याला स्वतःच्याच नीतिमत्तेची शंका येते, असे आपण लिहिता.

ही शंका अनाठायी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिले की एखाद्याविषयी एकदा चांगले मत झाले, की त्याचे इतर गुणही आपण चढेच मोजतो. चित्रांवरून मैत्रिणीचा स्वभाव आपण असाच गृहीत धरला होता, आणि कोसळले आहे ते हे गृहीतक. चित्राला त्याने धक्का लागत नाही.

तरी सौंदर्य आणि सद्गुण यांचा काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. सुंदर गोष्टीकडे एकाग्रतेने पाहताना माणसाचा अहंकार काही काळ मागे सरतो, आणि दुसऱ्याशी न्यायाने वागायलाही हेच लागते, असे आयरिस मर्डॉक या तत्त्वचिंतक लेखिकेचे म्हणणे होते. मात्र कॅनव्हाससमोर विसरलेला अहंकार माणसांसमोर परत येऊ शकतो. सौंदर्याला नीतीचे प्रतीक मानणाऱ्या कांट या जर्मन तत्त्वज्ञानेही १७९० च्या आपल्या ग्रंथात, कलेचे जाणकार पुष्कळदा गर्विष्ठ, हट्टी आणि विकारांच्या आहारी गेलेले असतात, अशी कबुली दिली आहे. (त्याच्या सिद्धांतापेक्षा मला ही कबुलीच अधिक प्रामाणिक वाटते.) इटलीचा संगीतकार कार्लो जेसुआल्दो याने १५९० मध्ये पत्नीची आणि तिच्या प्रियकराची हत्या घडवली, त्याच्या रचना ऐकून आजही लोक हेलावतात, आणि त्यामुळे ती हत्या तसूभरही क्षम्य होत नाही.

म्हणून चित्र भिंतीवर राहू द्यावे. कधी ते पाहताना त्या सहकाऱ्याचा चेहराच आठवू लागला, तर खुशाल उतरवावे. त्यासाठी कोणत्याही तत्त्वज्ञानाची परवानगी लागत नाही. पण कलेच्या मोबदल्यात मैत्रिणीला वागण्यात सूट देऊ नये. तिच्याशी एकांतात त्या प्रसंगाविषयी स्पष्ट बोलावे, आणि सुरुवातीला तिच्या चित्रांचे कौतुक करण्याचा मोह टाळावा, कारण मग ती तेवढेच ऐकेल. त्या सहकाऱ्यालाही, आपण तो अपमान पाहिला आणि तो आपल्याला खटकला, हे आवर्जून सांगावे.