गाडीला काही त्रास नसताना ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर अपडेट करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की गाडी पाच वर्षांची आहे, चेक इंजिनचा दिवा कधी लागलेला नाही, पिकअप आणि मायलेज दोन्ही ठीक. तरी सर्व्हिसला गेल्यावर ‘ईसीयूचं नवीन व्हर्जन आलंय, टाकून घ्या’ असं सांगितलं. टाकायचं की नाही?

माझं काम गाड्यांच्या स्कॅनिंगचं आणि इलेक्ट्रिकल दुरुस्तीचं, त्यामुळे हा प्रश्न रोज समोर येतो. ‘नवीन आलंय’ एवढंच कारण असेल तर टाकू नका. त्यात नेमकं काय बदललंय ते विचारा. उत्तर तुमच्या गाडीला लागू पडत असेल तरच पुढे जा.

फोनच्या सवयीमुळे आपल्याला वाटतं की जुनं सॉफ्टवेअर म्हणजे धोका. इंजिनच्या ईसीयूचं तसं नाही. त्यात मुख्यतः तक्ते असतात: हवा इतकी आली, पाणी इतकं गरम, ॲक्सिलरेटर इतका दाबलाय, तर इंधन किती सोडायचं आणि स्पार्क केव्हा द्यायचा. हे तक्ते वापरून झिजत नाहीत. इंजिन जुनं होतं, इंजेक्टरमध्ये थोडा कचरा साचतो, ते सांभाळायला ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन स्वतःच कमीजास्त करत राहतो. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. त्यासाठी अपडेट लागत नाही. (बॅटरीची वायर काढून लावली की ईसीयू ‘फ्रेश’ होतो म्हणतात ना, त्यात फार तर हे शिकलेलं पुसलं जातं. सॉफ्टवेअर होतं तेच राहतं.)

मग टाकायचं केव्हा? रिकॉल असेल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीनेच गाडी परत बोलावली असेल, तर डोळे झाकून. २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या होत्या. त्यांच्या हायब्रिड यंत्रणेत जास्त भार आल्यावर काही ट्रान्झिस्टर प्रमाणाबाहेर तापत होते आणि गाडी चालता चालता बंद पडू शकत होती. त्यावरचा उपाय सॉफ्टवेअर बदलणं हाच होता. अशा वेळी ‘माझी तर नीट चालतेय’ म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे सर्व्हिस बुलेटिन. कंपनी वर्कशॉपना कळवते की अमुक इंजिनात थंड स्टार्टला आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो) हलतो, किंवा दिवा विनाकारण लागतो, किंवा डिझेलमध्ये डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई वारंवार होते, त्यासाठी हे व्हर्जन टाका. लक्षण तुमच्या गाडीत असेल आणि तुमचा चासी नंबर त्या यादीत बसत असेल तर जरूर टाका. एखादा सुधारित पार्ट बसवला आणि त्याला नवं कॅलिब्रेशन, म्हणजे तक्त्यांतले नवे आकडे, लागत असतील, तर तिथे प्रश्नच नाही.

पण लक्षण जुळलं म्हणजे रोग तोच, असं नसतं. आयडल हलतोय म्हणून अपडेट मागायला एक गाडी आली होती. स्कॅनर लावला तर आयडलला फ्युएल ट्रिम अधिक वीस टक्क्यांच्या वर, आणि रेस अडीच हजारावर नेली की जवळजवळ शून्य. म्हणजे आयडलला ईसीयू इंधन बरंच वाढवतोय, कारण कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय. आयडलला एकूण हवाच कमी, म्हणून गळतीचा परिणाम तिथेच मोठा दिसतो. इनटेकजवळचा एक बारीक व्हॅक्यूम पाइप चिरलेला निघाला. तिथे कुठलंही व्हर्जन टाकलं असतं तरी आयडल हललाच असता.

अपडेटने गाडीचा स्वभावही बदलू शकतो. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण बाहेर आलं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण आटोक्यात ठेवणारं सॉफ्टवेअर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. युरोपात त्यातल्या दोन लिटरच्या इंजिनांना उपाय म्हणून फक्त नवं सॉफ्टवेअर दिलं गेलं, आणि नंतर पिकअप, मायलेज, ईजीआर (सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) यांबद्दल काही मालकांनी तक्रारी केल्या. प्रदूषण, ताकद आणि इंधन यांची ओढाताण त्या तक्त्यांतच चालते. एक ओढलं की दुसरं हलतं. शिवाय जुनं व्हर्जन परत टाकायची सोय बहुतेक ठिकाणी नसते, आणि रीमॅप केलेलं (ताकद वाढवायला बाहेरून तक्ते बदलून घेतलेले) असेल तर तेही पुसलं जातं.

करायचं ठरलं तर एक गोष्ट उभं राहून बघा: बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट युनिट लावलाय का. फ्लॅशिंग, म्हणजे ईसीयूत नवं सॉफ्टवेअर लिहिणं, चालू असताना इंजिन बंद पण इग्निशन चालू असतं, डॅशवरचे दिवे लुकलुकतात, कित्येक गाड्यांत रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो. हे सगळं बॅटरीवर. मध्येच व्होल्टेज पडलं तर लिहिणं अर्धवट राहतं आणि गाडी स्टार्टच होत नाही. मग ईसीयू काढून टेबलावर जिवंत करावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो. साधा चार्जर चालत नाही, त्याचं व्होल्टेज नीट स्थिर नसतं. ‘दहा मिनिटांचं काम आहे, बॅटरी नवीनच आहे’ असं कुणी म्हणालं तर मी तरी किल्ली देणार नाही.

आधीचा आणि नंतरचा कॅलिब्रेशन आयडी (सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा नंबर) जॉबकार्डवर लिहून घ्या. दोन्ही सारखेच असतील तर अपडेट झालेलंच नाही, आणि असं बिल लागलेलं मी पाहिलंय. नंतर थोडे दिवस आयडल किंवा गिअर बदलणं वेगळं वाटेल, कारण शिकलेलं पुसलं गेलेलं असतं. ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून ज्या प्रदूषण चाचणीत ओबीडी (गाडी स्वतःची तपासणी करून ठेवते ती नोंद) वाचतात तिला लगेच गाडी नेऊ नका. आधी थोडी शहरात आणि थोडी हायवेवर चालवा.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर ॲडव्हायझरला बुलेटिनचा नंबर आणि विषय विचारा, आणि त्याच वेळी चासी नंबरवर रिकॉल शिल्लक आहे का तेही बघायला लावा. बुलेटिनही नाही आणि रिकॉलही नाही, असं उत्तर आलं तर ऑइल-फिल्टर बदलून गाडी घरी घेऊन जा.