अर्धा मिलिमीटर एसयू-८ : फिरवू नका, ओता

तुम्ही लिहिलंय की चार इंची वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) एसयू-८ २१०० चे, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणाऱ्या दाट रेझिनचे, चार थर स्पिन केले (चकती गरगर फिरवून पसरवले), ५०० मायक्रॉनचा पीडीएमएस या रबरासाठीचा साचा हवा होता, आणि सकाळी बघता तर तडे जाऊन थर सुटलेला. चार वेळा फिरवलं म्हणजे काठही चार वेळा वर आला. मग मास्क (नक्षीची काच) टेकणार कुठं? एवढ्या जाडीला मी स्पिनर सुरूच करत नाही. सरळ वजन करून ओततो.

हिशोब सोपा आहे. वेफरचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी, म्हणजे सुका थर सुमारे ३.९ घन सेंमी. घनता १.२ च्या आसपास, आणि २१०० मध्ये घन भाग ७५ टक्के. साधारण ६.३ ग्रॅम ओतायचं. ६५ अंशांवर ते आपोआप पसरतं, पण हॉटप्लेट सपाट हवी. माझा पहिला साचा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ झाला होता. शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून पाणसळ मागून आणली, प्लेटखाली पत्र्याचे तुकडे सारले, तेव्हा कुठं जमलं.

मग ९५ अंश, आणि घाई नाही. एकदम तापवलं की वर साय धरते, खाली सॉल्व्हंट अडकतो. आपला कुंदा निदान हलवता तरी येतो, हे हलवताही येत नाही! मी पाच-सहा तास देतो. वेफर थंड करून पुन्हा प्लेटवर ठेवा. सुरकुत्या आल्या तर अजून भाजा. पण पार कोरडंही करू नका, तेही तडकतं.

एक्स्पोजरला, म्हणजे मास्कमधून अतिनील प्रकाश टाकताना, ३५० नॅनोमीटरखालचा प्रकाश फिल्टरनं अडवा, नाहीतर साच्याच्या भिंतींना वर छत्रीसारखी कड येते.

तुमचे तडे मात्र बहुतेक एक्स्पोजरनंतरच्या बेकनंतर (पुन्हा भाजल्यावर) गेलेत. एसयू-८ उष्णतेनं सिलिकॉनच्या जवळजवळ वीसपट प्रसरण पावतो, म्हणून प्लेटवरून उचलून गार टेबलावर ठेवला की संपलं. प्लेट बंद करा, वेफर तिथंच राहू द्या, घरी जा. (एकदा ऐन बेकमध्ये लाईट गेली. चिडलो, पण उशिरा हात लावला तर तोच साचा सगळ्यात चांगला निघाला.)

आणि पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा ओतण्याआधी वेफर २०० अंशांवर वाळवून घ्या. डेव्हलप करताना (घट्ट न झालेला भाग डेव्हलपर द्रवात विरघळवताना) आयसोप्रोपॅनॉलनं धुतल्यावर पांढरा थर दिसला तर काम अजून अपुरं आहे, परत डेव्हलपरमध्ये टाका.