मांजरीच्या पुढच्या पायाला प्लास्टर आहे, ती सारखी चावते आणि पाय झटकते. जळगावच्या उन्हाळ्यात तिला कसं सांभाळावं?

पहिले दोन-तीन दिवस झटकणं, अडखळणं चालायचंच. चावणं मात्र थांबवायला हवं, त्यासाठी डॉक्टरांकडून गळ्याची कॉलर घ्या. खाताना ती अडते, म्हणून वाटी उथळ ठेवा.

गच्ची, ओटा, कपाट सगळं बंद. एक छोटी खोली किंवा मोठा पिंजरा पुरे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, त्यामुळे कूलर लागणारच, पण त्याच्या थेट झोतात तिला बसवू नका. दमट हवेने आणि उडणाऱ्या तुषारांनी प्लास्टरखालचा कापूस ओलसर राहतो, कातडी सडते. शी-शूच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी फाडलेले पेपर टाका, कारण वाळूचे कण प्लास्टरमध्ये शिरून टोचत राहतात. ट्रेची कड बुटकी हवी.

रोज सकाळ-संध्याकाळ प्लास्टरबाहेर दिसणारी बोटं बघा. दोन मधली बोटं एरवी चिकटून असतात, ती फाकलेली दिसली तर सूज आहे. बोटं गार लागली, घाण वास आला किंवा प्लास्टर ओलं झालं, घसरलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरी कात्री लावू नका.

आणि हो, दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात नाही. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, एका गोळीनेही जीव जातो. शेजारच्या आजी हळदीचा लेप सुचवतील, तोही प्लास्टरमध्ये नको.