प्रोबेट आणा असे तोंडी सांगितले असेल, तर न्यायालयात जाण्यापूर्वी ती मागणी लेखी घ्या

ताई, आपला प्रश्न वाचला. वडील निवृत्त नायब सुभेदार होते, नोंदणीकृत मृत्युपत्र मागे ठेवून ते वारले, मोहोळ तालुक्यात शेती आणि सोलापुरात घर आहे, ठेवींवर आईचे नामनिर्देशन (नॉमिनेशन) आहे, भाऊ सैन्यात असून सध्या सीमेवर आहे, आणि एका कार्यालयाने आपल्याला "कोर्टातून प्रोबेट करून आणा, मग पाहू" असे सांगून परत पाठवले आहे. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे शिक्कामोर्तब. माझे सासरे निवृत्त हवालदार होते आणि त्यांच्या पश्चात आमच्या घरी जवळजवळ हेच घडले. यजमान तेव्हाही नोकरीवर दूर होते, त्यामुळे सारी कार्यालये मलाच पाहावी लागली. मी वकील नाही. पुढे लिहिलेले अनुभवातून आणि नंतर केलेल्या वाचनातून आलेले आहे, म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी आपल्या वकिलांना जरूर विचारावे. मृत्यू दाखल्याच्या जादा प्रती, आधार, छायाचित्रे हे सर्व आपण केलेच असेल असे धरून मी थेट मुद्द्यावर येते.

सोलापुरात केलेल्या आणि सोलापूर जिल्ह्यातीलच मिळकतीविषयी असलेल्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे कधीच नव्हते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ मधील कलम २१३ ची सक्ती हिंदूंच्या बाबतीत मुंबई व मद्रास येथील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीशी (म्हणजे साधारणपणे त्या शहरांशी) आणि जुन्या बंगाल प्रांताशी जोडलेली होती, आणि २०२५ च्या अखेरीस संसदेने ते कलमच वगळले. तरीही मोफसलातील, म्हणजे या मोठ्या शहरांबाहेरील, अनेक कार्यालयांत "मृत्युपत्र म्हटले की प्रोबेट" अशी समजूत घट्ट बसलेली आहे. ही समजूत आम्हाला सर्वांत महागात पडली.

सासऱ्यांनी आपल्या सेवानिवृत्तीच्या पैशांतून काही मुदत ठेवी ठेवल्या होत्या आणि प्रत्येक ठेवीवर सासूबाईंचे नामनिर्देशन होते. मृत्युपत्रातही त्या ठेवी सासूबाईंनाच दिलेल्या होत्या, म्हणजे दोन्ही कागद एकच गोष्ट सांगत होते. त्या कार्यालयाचे नाव मी येथे लिहिणार नाही. आम्ही दाव्याच्या अर्जासोबत मृत्युपत्राची प्रतही जोडली होती. ती पाहताच समोरच्या अधिकाऱ्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि प्रोबेट आणल्याशिवाय रक्कम मिळणार नाही असे सांगितले. कोणत्या नियमाने, हे विचारले असता "वरून तसे आहे" एवढेच उत्तर मिळाले. लेखी काहीच मिळाले नाही. पुढच्या भेटीत अधिकारी बदललेले होते, परंतु वाक्य तेच होते.

आता प्रोबेट म्हणजे सैनिक कुटुंबाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते, ते समजून घ्या. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणाऱ्यालाच, मिळते, आणि आमच्या मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून यजमानांचेच नाव होते. अर्जावर त्यांचे सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याची सही, हवे, पुढे त्यांची साक्ष हवी, आणि प्रत्येक वेळी रजा मिळण्याची वाट पाहावी लागणार. अर्जावर मृत्युपत्राच्या एका साक्षीदाराचेही सत्यापन शक्य असेल तेथे घ्यावे लागते. आमचे एक साक्षीदार वारलेले होते आणि दुसरे वृद्धापकाळाने अंथरुणाला खिळलेले होते. त्यानंतर सर्व नैसर्गिक वारसांना नोटिसा निघतात आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी लागते.

आम्ही प्रोबेटचा अर्ज केल्यावर ही नोटीस माझ्या नणंदबाईंच्या घरी पोहोचली आणि तेथून सगळे बिघडले. मृत्युपत्रात त्यांना कमी हिस्सा होता, परंतु त्याची त्यांना सासऱ्यांच्या हयातीतच कल्पना होती आणि त्यांनी ते मनापासून मान्य केले होते. मात्र दिवाणी न्यायालयाचा शिक्का असलेला कागद बेलिफाने सासरच्या मंडळींसमोर हातात ठेवला, तेव्हा भावाने आपल्याविरुद्ध दावा लावला असाच त्याचा अर्थ त्या घरात घेतला गेला. त्यांनी हरकत दाखल केली. हरकत आली की कलम २९५ प्रमाणे साधा अर्ज दाव्यासारखा चालवला जातो, म्हणजे मुद्दे, पुरावे, उलटतपासणी आणि तारखा. ज्या पैशांविषयी घरात कोणाचाही वाद नव्हता, त्या पैशांसाठी भाऊबहीण न्यायालयात समोरासमोर उभे राहिले आणि काही वर्षे भाऊबीज झाली नाही. मला आजही त्या कार्यालयाचा राग येतो तो यासाठी. पैसा उशिरा मिळाला याचे दुःख तुलनेने लहान आहे.

पैशांचे काम सुटले ते एका साध्या पत्राने. एका परिचित निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून सासूबाईंच्या सहीने आम्ही अर्ज दिला की, नामनिर्देशित व्यक्तीकडून प्रोबेट मागण्याचा नियम व परिपत्रक क्रमांक लेखी कळवावा. त्याची पोच घेतली आणि प्रत त्यांच्या वरिष्ठ कार्यालयाला पाठवली. वरिष्ठ कार्यालयाचे उत्तर आले की अशा दाव्यास प्रोबेटची आवश्यकता नाही, आणि रक्कम सासूबाईंच्या खात्यात जमा झाली. रिझर्व्ह बँकेने जून २००५ मध्येच बँकांना कळवले होते की, वैध नामनिर्देशन असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा प्रोबेट यांचा आग्रह धरू नये आणि पूर्ण कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा. २०२५ च्या नव्या निर्देशांत तर नामनिर्देशन नसतानाही सहकारी बँकांत ५ लाख आणि इतर बँकांत १५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी सोपी पद्धत ठेवलेली आहे. अर्थात वारसांत वाद नसावा.

म्हणून आपल्याला माझे आग्रहाचे सांगणे आहे की, नामनिर्देशनावरचा दावा नामनिर्देशनाच्याच अर्जावर करावा आणि त्याला मृत्युपत्र जोडू नये. यात लपवाछपवी नाही. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण केवळ त्यामुळे मालक होत नाही; सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत डिसेंबर १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात हेच सांगितले आणि कंपन्यांच्या शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितले. विम्यात मात्र २०१५ नंतर जोडीदार, आईवडील किंवा मुले यांचे नामनिर्देशन असेल तर त्यांचा हक्क अधिक बळकट झालेला आहे. रक्कम कोणाची, हे मृत्युपत्र ठरवेल. ती काउंटरवरून कोणाच्या हाती द्यायची एवढेच नामनिर्देशन ठरवते, आणि कार्यालयाचा संबंध फक्त या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

शेतीचे निराळे आहे. तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, मृत्यूनंतर तीन महिन्यांत वर्दी द्यावी. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये तशी तरतूद आहे. मृत्युपत्राआधारे फेरफार मागितला की इतर वारसांना नोटीस जातेच, म्हणून अर्ज देण्यापूर्वी बहिणींना आणि आईला समोर बसवून मृत्युपत्र वाचून दाखवा. आमच्याकडे नोटीस आधी गेली आणि बोलणे नंतर झाले. तो क्रम आपल्याकडे उलटा असावा. हरकत आली तर प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढे जाते. शिवाय फेरफार नोंद हा महसुली अभिलेख आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. सर्वजण खरोखर एकमताचे असतील तर माझ्या मते नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. आमच्या वादाचाही शेवट तडजोडीने आणि हक्कसोडपत्रानेच झाला. शहरातील घरासाठी नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका आणि महानगरपालिकेची कर आकारणी अशा दोन स्वतंत्र नोंदी बदलाव्या लागतात, आणि कराच्या पावतीवर नाव आले म्हणजे काम झाले असे समजू नये.

आता सैन्याच्या बाजूचे. कुटुंब निवृत्तिवेतन हा मृत व्यक्तीच्या संपत्तीचा भाग नाही, ते मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही आणि त्यासाठी न्यायालयात जाण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये व्हायोलेट आयझॅक प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. आपल्या आईचे नाव पेन्शन आदेशात एक आणि आधारवर दुसरे आहे असे आपण लिहिले आहे. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत असल्याने आणि भरतीनंतर पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या कौटुंबिक नोंदींच्या आदेशात) माहेरचे नाव नोंदले गेल्याने हे असंख्य घरांत असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत प्रतिज्ञापत्र, विवाहाचा पुरावा आणि डिस्चार्ज बुकची (सेवानिवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पुस्तिकेची) प्रत जोडून संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर तो बेळगावला जाईल, तोफखाना असेल तर नाशिक रोडला. कोणते रेकॉर्ड ऑफिस, हे डिस्चार्ज बुकवर असते. तेथील लोकांनी आमच्याशी नेहमी सौजन्याने पत्रव्यवहार केला, हे नमूद करणे मला न्यायाचे वाटते. मृत्यूची खबर स्पर्श या सैनिकी निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवर अद्याप दिली नसेल तर आजच द्यावी, कारण खात्यात जादा जमा झालेले निवृत्तिवेतन पुढे वसूल होते आणि तोवर आईंचे प्रकरण अडकून राहते.

भावाने मृत्युपत्र करावे का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय होय असे आहे, आणि ते पुढच्या रजेतच करावे. युद्धात किंवा मोहिमेवर असलेल्या सैनिकाला साक्षीदारांशिवायही विशेषाधिकार मृत्युपत्र करता येते असे अनेक जवान ऐकून असतात. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६५ व ६६ मध्ये ती सोय आहे हे खरे, परंतु हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना लागू होणाऱ्या तिसऱ्या अनुसूचीत ही दोन कलमे नाहीत. म्हणून त्यांनी त्यावर विसंबू नये आणि दोन साक्षीदारांसमोर सही केलेले साधे मृत्युपत्रच करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे आणि तिचे शुल्क अल्प आहे. तरीही नोंदणी करावी असे माझे ठाम मत आहे. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान आणि गावातच राहणारे असावेत, कारण उद्या वाद झाला तर त्यांच्यापैकी निदान एकाला साक्ष द्यावी लागते. व्यवस्थापक म्हणून नोकरीवरील सैनिकाला नेमू नये. पत्नीला किंवा सोलापुरात स्थायिक असलेल्या विश्वासू व्यक्तीला नेमावे.

मृत्युपत्र नसताना विवाहित हिंदू सैनिक गेला, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे पत्नी आणि प्रत्येक मूल यांच्याबरोबर आईलाही समान हिस्सा मिळतो, वडिलांना मात्र त्या वर्गात स्थान नाही. अनेक घरांत सून आणि सासू यांच्यात यावरूनच तेढ येते, कारण दोघींनाही हे कोणी आधी सांगितलेले नसते. भावाचे लग्न भरतीनंतर झाले असेल, तर सैन्याच्या समूह विम्यावर आणि भविष्य निर्वाह निधीवर अजून आईचेच नामनिर्देशन आहे का, हे त्याने युनिटच्या कार्यालयात आवर्जून पाहावे. मुस्लिम कुटुंबांना हे नियम लागू नाहीत. तेथे इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही, त्यामुळे त्या वाचकांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

सोलापूरच्या पूर्व भागातील काही वाचक विचारतील म्हणून सांगते, मृत्युपत्र तेलुगू किंवा कन्नडमध्ये असले तरी ते वैध असते. नोंदणीच्या वेळी भाषांतराची प्रत लागेल का, एवढे दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्यावे.

या आठवड्यात आपण एकच काम करावे असे मला वाटते. आईंच्या सहीचा, दोन ओळींचा अर्ज त्या कार्यालयाच्या आवक विभागात द्यावा, त्यात प्रोबेटची मागणी कोणत्या नियमाखाली आहे एवढेच विचारावे आणि दिनांकासह पोच घ्यावी. वकिलांनी प्रोबेटचा अर्ज तयार केला असेल तरी उत्तर येईपर्यंत तो दाखल करू नये. उत्तरात जे येईल ते येथे कळवा. परिपत्रकाचा क्रमांक दिला असेल तर तो पाहून पुढे काय करता येईल हे आपण मिळून ठरवू.